खलनायकीची मुदत

आमच्या सर्व्हरवर एखाद्या सज्जन पात्राला काही दिवस दुष्ट व्हायचं असेल तर आधी अर्ज भरावा लागतो. नवीन आलेले हे ऐकून हसतात. मी दिवसा विमा कंपनीत दावे तपासते, तेव्हा अर्ज, अटी आणि मुदत ही माझीच खोड असणार, असा आमच्या मॉडमंडळींचाही, म्हणजे सर्व्हरवर देखरेख करणाऱ्यांचाही, समज आहे. खोड माझी आहे हे खरं. पण अर्जाची गरज मी निर्माण केलेली नाही.

आमचा खेळ लेखी आहे. डिस्कॉर्डवर एक काल्पनिक बंदर वसवलेलं आहे. तिथं थोडीफार चमत्कारिक शक्ती असलेली माणसं राहतात आणि त्यातल्या प्रत्येकामागे कुठेतरी कीबोर्डपाशी बसलेलं एक खरं माणूस असतं. एकानं आपल्या पात्राचं वागणं-बोलणं परिच्छेदभर लिहायचं, दुसऱ्यानं आपल्या पात्राकडून त्याला उत्तर द्यायचं. फासे नाहीत, चित्रं नाहीत. एक मारामारी निवांत तीन आठवडे चालते, कारण ठोसा मारणारा पुण्यात रात्री अकराला मोकळा होतो आणि ठोसा खाणारी तेव्हा टोरांटोत ऑफिसात असते. खेळ इंग्रजीत चालतो. रुसवेफुगवे मात्र ज्याच्या त्याच्या मातृभाषेत, खासगी मेसेजमध्ये होतात, आणि त्यातले मराठी सगळे माझ्या वाट्याला येतात. मॉडच्या कामाला पगार नाही. पाळी आहे, तक्रारी आहेत, आणि 'आधी कोण काय म्हणालं' हे जुन्या पोस्टी उकरून शोधणं आहे.

वर्षानुवर्षं चांगुलपणा खेळून माणूस कंटाळतो. मग त्याला वाटतं, आपल्या पात्रावर कुणीतरी मोहिनी घालावी, एखादा शापित मुखवटा त्याच्या तोंडावर बसावा, आणि चार दिवस तरी त्यानं सगळ्यांच्या तोंडावर खरं बोलावं, जमलं तर गावही पेटवावं. अमेरिकन कॉमिक्सवर वाढलेल्या मंडळींना तर हा हक्कच वाटतो, कारण तिथला प्रत्येक नायक कधी ना कधी बिघडून आलेला असतो. संगणकावरच्या खेळांनी या हौसेची सोय चांगली केली. 'सिटी ऑफ हीरोज' 2004 साली आला, 2005 साली त्याचं 'सिटी ऑफ व्हिलन्स' हे भावंड आलं, आणि पुढे काही वर्षं नायक एका शहरात, खलनायक दुसऱ्या बेटांवर, असा सोवळ्याओवळ्याचा कारभार चालला. 2010च्या 'गोइंग रोग'नं मधे दोन पायऱ्या घातल्या. नायक आधी कायदा हातात घेणारा होतो, मग खलनायक. परतताना आधी मन द्विधा झालेला बदमाश, मग पुन्हा नायक. कुणी किती पायऱ्या चढला-उतरला याचा हिशेब यंत्र ठेवतं, आणि यंत्राशी कुणी हुज्जत घालत नाही.

आमच्याकडे यंत्र नाही. आहे तो शब्द, आणि त्या शब्दाला कुठेतरी लेखी रूप द्यावं लागतं.

सगळ्यात आधी ठरवावं लागतं की पात्र दुष्ट झाल्यावर ते लिहायचं कुणी. टेबलावर बसून खेळायच्या खेळांमधली जुनी रीत अशी की पात्र हाताबाहेर गेलं की जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, ते काढून घेतो. 1987च्या 'स्टार वॉर्स' रोलप्लेइंग गेममध्ये पात्र काळ्या बाजूला पुरतं गेलं की खेळाडूच्या हातातून सुटायचं आणि जीएमच्या ताब्यात जायचं. शिक्षा म्हणून ते ठीक होतं. पण ज्यानं हौसेनं आपलं पात्र बिघडवायला दिलं, त्याच्याच हातातून ते काढून घेण्यात काय मतलब? चार दिवस वाईट वागायची मजा त्याला हवी होती, आणि आता ती दुसराच कुणी उपभोगणार आणि हा प्रेक्षकांत बसणार.

याहून गंभीर कारण लॅम्डामूचं. पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्कमध्ये पावेल कर्टिस यानं 1990च्या सुमाराला उभं केलेलं हे निव्वळ शब्दांचं घर होतं. शेकडो लोक तिथं पात्रं घेऊन वावरायचे. 1993मध्ये 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्रानं तिथं एक व्हूडू बाहुली वापरली. बाहुली म्हणजे एक छोटा प्रोग्राम. त्यातून इतरांची पात्रं घाणेरड्या गोष्टी करताहेत अशी वाक्यं सगळ्यांच्या पडद्यावर उमटत होती, आणि त्या पात्रांचे मालक नुसते बघत होते. ज्युलियन डिबेलनं त्याच वर्षी 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्यावर लेख लिहिला. ऑनलाइन समाजांवर जे काही लिहिलं जातं त्यात तो लेख आजही येतो. त्या प्रकारानंतर कर्टिसनं लॅम्डामूवर अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. म्हणजे अर्जाची खोड माझ्याही आधीची आहे. त्या लेखातून मी जे उचललं ते एवढंच: शब्दांच्या खेळात शिवीचा मार फार लागत नाही. आपल्या पात्राच्या तोंडी दुसऱ्यानं घातलेलं वाक्य जास्त लागतं. म्हणून आमच्याकडे मोहिनी, संमोहन, भूतबाधा, काहीही असो, पात्र ज्याचं तोच लिहिणार. मोहिनी घालणाऱ्यानं फार तर 'जा, दिवा विझव' एवढं म्हणायचं. कसा विझवला, हात थरथरला का, विझवताना तो हसला का, हे मालकाचं.

आता अर्ज. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या एका सीएनं भरलेला अर्ज मला अजून पाठ आहे. त्याचं पात्र वैद्य होतं. शहरातला सगळ्यांचा लाडका. त्याची शक्ती अशी की तो दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या अंगावर घ्यायचा. कुणाचा गुडघा, कुणाची अर्धशिशी, कुणाची रात्रीची भीती. अर्जात 'पात्राला काय हवं आहे?' असा रकाना आहे. त्यात त्यानं लिहिलं होतं, शहरावर सत्ता. मी अर्ज परत पाठवला. सत्ता कुणालाही हवी असते, त्यासाठी वैद्यच कशाला हवा? तो चिडला. म्हणाला, "ताई, हा खेळ आहे, जीएसटीचं रिटर्न नाही." रिटर्नची उपमा त्यानंच दिली हे मी तेव्हा दाखवून दिलं नाही. दोन दिवसांनी दुसरा अर्ज आला. त्या रकान्यात एकच ओळ होती: घेतलेली दुखणी ज्याची त्याला परत करायची आहेत.

ते वाचून आमच्या मॉडच्या चॅनलवर थोडा वेळ कुणी काही लिहिलंच नाही. मग बंगळुरूच्या मॉडनं नुसतं "ओह" टाकलं.

चांगलं पात्र वाईट होतं तेव्हा ते दुसरंच कुणी व्हायला नको, एवढी माझी अपेक्षा असते. त्याच्यातला जो गुण सगळ्यांनी वर्षभर वापरला, तोच उलटा फिरावा. वैद्याचा वैद्यच राहिला, फक्त उधारी वसूल करायला निघाला.

पण इथंच संमतीचा मोठा खटाटोप सुरू होतो. दुखणी परत करायची म्हणजे ती दुसऱ्यांच्या पात्रांना द्यायची. मुखवटा चढायच्या आधी त्या सीएनं एकेका खेळाडूला खासगीत विचारलं: तुझ्या पात्राचं अमुक दुखणं माझ्याकडे आहे, ते परत आलं तर चालेल का? किती? कायमचं की तात्पुरतं? बहुतेकांनी उत्साहानं हो म्हटलं. मनिलाच्या मुलानं तर, "माझी अर्धशिशी दुप्पट करून दे," असं सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक खेळाडूची एक यादी असते. कुठले विषय अजिबात नकोत आणि कुठले चालतील पण पडद्याआड, ते तीत असतं. ही पद्धत रॉन एडवर्ड्स या खेळ लिहिणाऱ्या माणसाकडून आलेली, 'लाइन्स अँड व्हेल्स' नावानं ओळखली जाते. पण यादी सगळं पकडत नाही. एका खेळाडूच्या पात्राचं पूर्वी कधीतरी मूल गेलं होतं आणि वैद्यानं तिचं ते दुःख काही काळ स्वतःकडे ठेवलं होतं. यादीत त्याबद्दल काहीच नव्हतं. त्यानं विचारलं, आणि तिनं लिहिलं, "ते नको." त्यानं "बरं" लिहिलं. का नको, हे विचारायचं नाही, असा आमचा नियम आहे. पण त्याला नियम आठवावा लागला असेल असं मला वाटत नाही.

चहाच्या टपरीचा प्रसंग मी शब्दाशब्दानं वाचला, कारण त्या आठवड्यात देखरेखीची पाळी माझी होती. टपरी चालवणारी मावशी हे नागपूरच्या एका मुलीचं दुय्यम पात्र. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं: गुडघा चालेल, टपरी जळाली तरी चालेल, मावशी मरता कामा नये. वैद्य सकाळी टपरीवर येतो. नेहमीसारखा कटिंग मागतो. मावशीच्या हातात ग्लासांची जाळी असते. तो विचारतो, "गुडघा कसा आहे?" ती म्हणते, "तुमच्या कृपेनं कधी दुखलाच नाही." तो चहा संपवतो, बशीत पैसे ठेवतो, सुटे परत घेत नाही, आणि म्हणतो, "बाकी माझ्याकडे जमा आहे, ती घ्या." पुढची पोस्ट नागपूरच्या मुलीची. तिनं जाळी पडल्याचं लिहिलं नाही. मावशीनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली आणि पाय दुमडला तसतशी हळूहळू खाली बसली, एकही ग्लास न फोडता. त्याखाली दुहेरी कंसात, म्हणजे खेळाबाहेरचं बोलणं, सीएनं लिहिलं होतं: "ठीक ना?" आणि तिनं हिरवं वर्तुळ टाकलं होतं. हिरवं म्हणजे चालू दे, पिवळं म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांब. खलनायक झालेल्यानं प्रत्येक जिव्हारी लागणाऱ्या पोस्टीनंतर हे विचारायचं, यात आम्ही सूट देत नाही. मजकूर जितका चांगला, तितकं विचारणं जास्त गरजेचं.

वाईट कसं व्हायचं यावर लोक पानं लिहून देतात. परत कसं यायचं हा रकाना मात्र रिकामा येतो, किंवा 'बघू' असं लिहिलेला येतो. माझा सगळा हट्ट या रकान्यावर असतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पूर्वीपासून एक शिरस्त्राण आहे. ते घातलं की स्वभाव उलटा होतो, आणि घालणाऱ्याला तो नवा स्वभावच बरा वाटू लागतो. बिघडलेल्याला सुधारायचं मन होईल या भरवशावर बसलं तर खेळ तिथंच अडकतो, हे त्या शिरस्त्राणाच्या कर्त्यांना पक्कं ठाऊक होतं. 2012च्या 'मॉन्स्टरहार्ट्स' या खेळात ॲव्हरी ॲल्डरनं याची तोड फार छान काढली आहे. प्रत्येक पात्राचं एक काळंकुट्ट रूप असतं, आणि ते रूप कशानं उतरेल ते तिथंच लिहिलेलं असतं. भुताचं पात्र त्या रूपात गेलं की कुणालाच दिसत नाही, ऐकू येत नाही. कुणीतरी त्याची दखल घेतली आणि ते आपल्याला हवं आहे असं दाखवून दिलं, की ते परत येतं. चावी आत गेलेल्याकडे नसतेच, ती बाहेर उभ्या असलेल्यांकडे असते.

आपल्याकडे नळाची गोष्ट याच जातीची. कली बारा वर्षं टपून बसला होता. पाय न धुता नळ संध्येला बसला, तेवढ्या फटीतून तो आत शिरला. राज्य गेलं, झोपलेल्या दमयंतीला नळानं रानात टाकलं. बाहेर पडायची वाटही तितकीच नेमकी आहे: ऋतुपर्णाकडून द्यूताची विद्या मिळाली, कर्कोटकाच्या विषानं आतून पोळलेला कली ओकत बाहेर आला आणि बेहड्याच्या झाडात शिरला. शिरायला फट, निघायला अट. मी नव्या मॉडना हीच गोष्ट सांगते, आणि टोरांटोच्या मुलींना ती कुठल्याही हँडबुकापेक्षा लवकर पटते.

परतीची अट गुप्त ठेवावी की उघड, यावर आमच्यात बराच वाद झाला. गुप्त ठेवली तर रहस्य राहतं, असं काहींचं म्हणणं. मी उघडची बाजू घेतली. अट गुप्त असली की लोक चाचपडत राहतात. तीन आठवड्यांच्या खेळात त्यातले दोन चाचपडण्यात गेले की उरलेले कंटाळून दुसऱ्या धाग्यावर जातात. उघड अटीवर आक्षेप असा की मग सगळे सरळ तिथंच जाऊन ती पुरी करतील. करू देत, पण अट महाग हवी. वैद्याची अट होती: कुणीतरी त्याचं स्वतःचं एक दुखणं कायमचं आपल्याकडे घ्यावं. सगळ्या खेळाडूंना हे माहीत होतं, पात्रांना नव्हतं. मोठमोठी पात्रं आठवडाभर त्याच्याशी लढत राहिली. शेवटी जिनं हात पुढे केला ती नुकतीच आलेली, जेमतेम ओळख झालेली एक मुलगी. तिच्या पात्राचा डावा हात तेव्हापासून थरथरतो. त्या हातानं ती चित्रं काढायची. तिनं ते पोस्टीत लिहिलं आणि खाली, दुहेरी कंसात, "हो, मला माहिती आहे, मी विचार केलाय," असं आम्हाला बजावलं.

कथेची अट पुरी झाली नाही तर तारखेला मुदत संपते, हा दुसरा दरवाजा. लेखी खेळात तो ठेवावाच लागतो, कारण माणसांच्या परीक्षा येतात, लग्नं येतात, वीज जाते. सोडवणारेच गायब झाले तर बिघडलेलं पात्र लटकत राहतं, आणि त्याच्या मालकाला त्या काळात दुसऱ्या कुणाशी साधा गप्पांचा प्रसंगही खेळता येत नाही. एका वेळी एकच खलनायक हा नियमही अशाच कारणानं झाला. एका दिवाळीच्या सुट्टीत अर्जांची अशी रांग लागली की सगळे मंजूर केले असते तर शहरात वाचवायला कुणी उरलं नसतं.

गुपितांचं प्रकरण जरा किचकट आहे. आमच्यातल्या बऱ्याच पात्रांची खरी ओळख लपवलेली असते, आणि बिघडलेला मित्र ती जाणतो, कारण कालपर्यंत तो मित्रच होता. त्यानं ती वापरायची नाही म्हटलं तर खोटं वाटतं. वापरून गावभर केली तर दुसऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या लिखाणावर पाणी पडतं. आम्ही मधला मार्ग काढला: धमकी देता येईल, सौदा करता येईल, चव्हाट्यावर आणता येणार नाही. ज्याची ओळख आहे तो स्वतः म्हणाला तर गोष्ट वेगळी.

आता परत आल्यावरचं. इथं माझं मत बहुसंख्य मॉडपेक्षा वेगळं आहे. मुखवटा उतरला की पात्राला काही आठवतच नाही, अशी सोय बऱ्याच खेळाडूंना हवी असते. आमच्या चॅनलवर तिला आम्ही 'तो मी नव्हेच' म्हणतो. अत्र्यांच्या त्या नावाच्या नाटकातल्या लखोबाला हा बचाव किती उपयोगी पडला ते मराठी माणसाला सांगायला नको. कॉमिक्सवाल्यांनीही हा खेळ करून बघितला आहे. 1980 साली एक्स-मेनमधल्या जीन ग्रेनं फिनिक्स होऊन एक तारा गिळला आणि त्याच्याभोवतीच्या जगातले पाच अब्ज जीव संपवले. लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न तिला फक्त शक्तिहीन करून घरी पाठवणार होते. संपादक जिम शूटर अडून बसला: एवढं झाल्यावर ती सुखानं घरी जाऊ शकत नाही. मग शेवट बदलला आणि ती मेली. 1986मध्ये तिला परत आणलं तेव्हा सांगितलं गेलं की ते सगळं करणारी ती नव्हतीच, फिनिक्स-शक्तीनं तिचं रूप घेतलं होतं आणि खरी जीन खाडीच्या तळाशी एका कोशात झोपलेली होती. वाचक खूश झाले असतील. मला ती पळवाट वाटते. शूटरचा शेवट कठोर होता, पण त्याला झालेल्या गोष्टीचं वजन कळत होतं.

आमचा नियम या दोन्हींच्या मधला आहे. आठवण राहते, आणि पात्राला तुरुंगात टाकून खेळाडूला खेळाबाहेर ठेवता येत नाही. माफ करायचं की नाही हे मात्र मॉड ठरवत नाहीत. ज्याचं नुकसान झालं त्याचं पात्र ठरवतं, आणि त्याला तारखेची अट नाही. वैद्यानं परत आल्यावर एकेका दारात जाऊन दुखणं पुन्हा मागून घेतलं. काहींनी दिलं. मनिलाच्या मुलाच्या पात्रानं अर्धशिशी ठेवून घेतली, म्हणे तिनं त्याला शहाणं केलं. टपरीवरच्या मावशीनं दारच उघडलं नाही.

सीए वैतागला. "ताई, मुदत संपली की. आता किती दिवस हे?" मी सांगितलं, मुदत तुझ्या खलनायकीला होती, तिच्या रागाला नाही. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं नागपूरला मेसेज टाकला. आता खेळात ती दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत, आणि खेळाबाहेर रात्री बारा-बारापर्यंत बसून पुढचं भांडण कसं रंगवायचं ते ठरवताहेत. परवा तिनं मला विचारलं, वैद्याच्या त्या दिवसांत जळालेली टपरी पुन्हा उभारायला आपल्या शहराच्या चलनात किती खर्च येईल. वैद्य तो गुपचूप भरणार आहे आणि मावशीला ते कळणार आहे, आणि कळल्यावर ती आणखी चिडणार आहे. पत्रे, बाकं, स्टोव्ह आणि ग्लासांच्या दोन जाळ्या असा अंदाज मी काढायला घेतलाय.